काट्यासकट मांदेली

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या आईला, अंबाबाईला, दूध पचत नव्हतं यात तिचा काय दोष? पण मी तिला फैलावर घ्यायची. चहातल्या दुधानेही तिचं पोट बिघडायचं. नाचणीने पोट फुगायचं, तिळाने जळजळायचं आणि ठिसूळ हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी घेतली की चार दिवस शौचाला व्हायचं नाही. पाच वर्षांपूर्वी कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, "मासळी सोसते का?" तशी आईची कळी खुलली.

"मांदेली काट्यासकट चावून खाते मी," ती म्हणाली. "लहानपनापासनं."

मग तेच ठरलं. मी दर आठवड्याला नेरळच्या बाजारातून सुकी मांदेली घ्यायची आणि कुंभिवलीला आईकडे पोचवायची. मी ज्या लॅबमध्ये रक्त तपासते, तिला गुरुवारी सुट्टी असते. आणि गुरुवारी आमच्या घरी मासळीला कुणी हात लावत नाही. आई पुडी फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "उद्या करीन गं." मी निर्धास्त.

सहा महिन्यांनी एकदा तिचं रक्तही मीच काढायची. कॅल्शियम अगदी बरोबर यायचं. "बघ, मांदेलीचा गुण," असं म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची. खरं तर हा माझा रोजचा धंदा. रक्ताला कमी पडू नये म्हणून शरीर हाडांतलं काढून देतं, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण स्वतःच्या आईच्या बाबतीत ते मला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात आई पडलीसुद्धा नाही. न्हाणीतल्या पाटावर जरा जोरात टेकली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाडांत काही उरलेलंच नाही. यांच्या पोटात कॅल्शियम गेलं नाही, तर दुसरा खुबाही जाईल. मग या उठायच्या नाहीत."

मी रजा टाकली, दोन वर्षांच्या रुचिताला काखेत मारलं आणि माहेरी आले. बुधवार होता. मांदेलीचा डबा उघडला, तर त्यात वाससुद्धा नव्हता. म्हणून शेजारच्या सोनाबाईकडे मूठभर मागायला गेले.

"अगो, तुजीच हाय की!" सोनाबाई हसली. "दर शुक्रवारी पुडी येते माज्याकडं. लई चांगली असते गं. डोकी आमचा वाघ्या खातो."

तिचा वाघ्या शेपटी हलवत माझ्या पायाशी आला. इतकी वर्षं मी एका कुत्र्याची हाडं मजबूत करत होते.

घरी येऊन मी आईच्या खाटेपाशी उभी राहिले आणि नको नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सुप्रिया," ती म्हणाली, "सांगितलं की नवसाचा गुण जातो. म्हनून बोलले नाय. सहा वर्सं तुजी कूस उजवत नव्हती. तू हितं येऊन भिंतीकडं तोंड करून झोपायचीस. चार वर्सांमागं गावदेवीला बोलले, लेकीच्या वटीत पोर घाल, मी मासळी सोडते. त्या दिवसापासनं सोडली."

"मी तेव्हा पनवेलला औषधं घेत होते, आई! इंजेक्शनं टोचून घेत होते!"

"ती तर आदीपासनं घेत होतीस."

"सोडायचं होतं तर दुसरं काही सोडायचं!"

"काय सोडू? दूध?" ती हसली. "आवडीचं सोडावं लागतं गं. दुसरं काय आवडीचं होतं माज्याकडं?"

मला रडू फुटलं. रडतरडतच मी चूल पेटवली आणि सोनाबाईकडून आणलेली मांदेली तिखट-मीठ लावून कुरकुरीत तळली. वास घरभर झाला. आईने डोळे मिटले, पण तिच्या गळ्याची घाटी हलली. चार वर्षांची भूक होती ती. मी तिच्या तोंडापाशी मांदेली धरली.

"खा. तुला उठायचंय."

"आनि पोरीला काय झालं तर?"

"काही होत नाही. मी सांगते ना! माझं शिक्षण काय फुकट गेलं?"

तिने ओठ घट्ट मिटले. मी दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली. आजारी लेकराला औषध पाजतात तशी मी ती मांदेली तिच्या दातांवर दाबणार होते. ती अडवू शकली नसती, तिच्या हातात तेवढी ताकदच उरली नव्हती.

तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी खेळणारी रुचिता खोकली.

तिखटाच्या धुराचा ठसका होता. दुसरं काही नव्हतं, हे मला कळत होतं. ती पुन्हा खोकली. माझा हात आपसूक मागे आला.

आईने ते पाहिलं. "बघ" म्हणाली नाही. माझ्या तेलकट बोटांवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "तुजं काय चुकलं नाय. आई हाईस."

मी ताटली झाकली. रुचिताला कडेवर घेतलं. आणि ती मांदेली माझ्या हातानेच सोनाबाईकडे नेऊन दिली.