त्रेचाळीस विळे

"आमचे विळे काढ आधी, मग काय ते बोल!"

सकाळी सकाळी गोदामाच्या दारात वीस-पंचवीस बाया आणि पाच-सात बाप्ये उभे, आणि आत कलाकार तोंडात दात घासायचा ब्रश तसाच धरून थिजलेला. बाहेर आभाळ गच्च भरलेलं. गहू अजून पंधरा दिवस तरी हिरवा राहील असं सगळे धरून चालले होते, पण मधल्या उन्हानं तो झटक्यात वाळला आणि आता वर हे आभाळ. आज-उद्या कापला तर घरात, नाहीतर चिखलात. आणि गावातले धड विळे सगळे या पठ्ठ्याजवळ!

हा शहरातून आलेला. चाळीस दिवस गावात राहायचं आणि लोकांना बरोबर घेऊन काहीतरी घडवायचं, म्हणून एका संस्थेनं पाठवलेला. संस्था त्याला रेसिडेन्सी म्हणे, गाव म्हणे पाहुणा आलाय. त्याची ही पहिलीच रेसिडेन्सी, त्यामुळे उत्साह नुसता उतू जात होता. पहिल्या आठवड्यातच तो दारोदार फिरला. "रोज हातात असतो तो विळा द्या, अडगळीतला नको." लोकांनी दिला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

"परत कधी देशील रे?" मावशीनं तेव्हाच विचारलं होतं. मावशी म्हणजे त्याला दोन वेळ जेवू घालणारी.

"देतो की मावशी, काम झालं की लगेच."

असं म्हणताना त्याला पक्कं ठाऊक होतं, विळे परत जायचे नाहीत. ते वेल्डिंगनं जोडायचे होते. खरं सांगितलं असतं तर कुणी एक विळा दिला नसता, म्हणून तो गोड बोलून मोकळा झाला होता.

आता गर्दीतून गावच्या लोहारानं पुढं होऊन ताडपत्री खस्सकन ओढली. खाली पुरुषभर उंचीचा पक्षी, पंख पसरलेला. पिसं काय, चोच काय, सगळे विळेच, मोजून त्रेचाळीस.

बायांनी आपापला विळा मुठीवरून ओळखला. कुणाच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली होती, कुणाच्या तार.

"झालाय झकास," लोहार म्हणाला. "आता तोड."

"तोडू? अहो, उद्या संस्थेच्या मॅडम बघायला येणार आहेत. दोनच दिवस..."

"आभाळाला सांग दोन दिवस दम धर म्हणून."

कलाकारानं मावशीकडे पाहिलं, ती तरी बाजू घेईल म्हणून. मावशी त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याचं तोंड उतरलं. त्यानं निमूटपणे ग्राइंडर उचलला.

तेवढ्यानं भागलं असतं तर बरं होतं. सुटलेला पहिला विळा लोहारानं दगडावर घासला आणि कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, वेल्डिंगच्या आचेनं पोलाद मऊ पडलंय. हा काय गहू कापणार? एकेक पुन्हा तापवून पाणी पाजावं लागेल, तेव्हा कुठं धार टिकेल." मग दिवसभर कलाकार तोडत आणि भाता मारत राहिला, लोहार ठोकत राहिला. एकेक बाई आपला विळा घेऊन शेताकडे पळत होती. जाताना कुणी शिवी दिली असती तर त्याला जरा हलकं वाटलं असतं.

मावशीचा विळा शेवटी निघाला. त्याची चोच केली होती. पात्याची धार उलट्या अंगाला होती, उजेड त्यावर वेगळाच पडायचा, म्हणून कलाकाराला तो भारी आवडला होता. चोच पक्की बसावी म्हणून वेल्डिंगही दाबून केलेलं. लोहारानं तापवून दोन घाव घातले आणि विळा मानेपाशी कट्कन तुटला.

"गेला," लोहार म्हणाला. "डावखुरा विळा होता, माझ्या बापानं घडवलेला. नवा करायला दोन दिवस लागतील."

"डावखुरा म्हणजे?"

"म्हणजे काय? मावशी डावखुरी आहे की!"

कलाकाराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अठ्ठावीस दिवस तिच्या हातचं जेवला, समोर बसून तिची चित्रं काढली, आणि ती कुठल्या हातानं वाढते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आणि म्हणे कलाकार!

दुसऱ्या दिवशी तो लोहाराच्या घरचा विळा मागून मावशीच्या शेतात उभा राहिला. उजव्या हाताचा तो विळा मावशीच्या कामाचा नव्हता. तो कापत होता आणि ती मागून पेंढ्या बांधत होती.

दुपारी मॅडम बांधावर आल्या. "शिल्प कुठंय?"

"तोडलं."

मग घामानं निथळणारा तो, हातात विळा, मागं काळं आभाळ, हे सगळं पाहून त्या एकदम खूश झाल्या. मोबाईल काढून म्हणाल्या, "अरे वा! लोकांत इतकं मिसळलास? हेच खरं काम. अहवालात हाच फोटो घालू."

त्याला गप्प बसता आलं असतं. पण आसपासच्या सगळ्या बाया हात थांबवून ऐकत होत्या.

"फोटो नको मॅडम," तो मोठ्यानं म्हणाला. "विळे परत देतो असं मी यांना खोटं सांगितलं. द्यायचे नाहीत हे मला तेव्हाच माहीत होतं. आणि मावशींचा विळा मी मोडला, म्हणून इथं आहे."

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. सगळं शेत मावशीकडे बघायला लागलं.

"बोलून झालं?" मावशी म्हणाली. "मग वाक खाली. बुडातून काप, धसकटं उंच राहतायत."

तो वाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पाती, म्हणजे कापायला धरलेले पट्टे, बांधाला लागल्या, कुणी घरीसुद्धा गेलं. एवढ्या शेतांत एकच पात मागं राहिली होती, मावशीची. लग्न होऊन आल्यापासून तिचीच पात सगळ्यांत आधी बांधाला लागायची, कधी दुसऱ्या नंबरावरसुद्धा गेली नव्हती.