पाण्यात उतरवलेलं जहाज

मरोळच्या कारखान्यातून आलो की ड्रॉइंग समोर ठेवून सागाच्या पट्ट्या तासत बसायचो. तीन वर्षांनी, शहाऐंशी साली, हातभर लांबीचं शिडाचं जहाज तयार झालं.

नारळी पौर्णिमेला कामावरून परतलो, तर टेबल रिकामं!

"कमळ, माझं जहाज कुठाय?" मी बायकोला विचारलं.

"बाबांनी खाडीवर नेलं. म्हणाले, नाव बांधून झाली की पाण्यात उतरवायची."

माझं डोकंच फिरलं. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू ती! वर्सोव्याच्या बंदरावर धावत गेलो. माझे कोळी सासरे हरेश्वर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. भोवती नुसती पूजेची फुलं तरंगत होती.

"बुडाली," ते हळूच म्हणाले. "जावईबापू, नशीब, आत माणसं नव्हती."