उकळलेले वाटाणे

माझ्या धाकट्या जावेने माझ्याविरुद्ध अर्ज केला, तोही माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच पेनाने. प्रयोगशाळा सहायक बाई कामात अडथळा आणतात, त्यांना भांडारात हलवावं आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या जीवशास्त्राच्या शिक्षिकेकडे द्याव्यात, असा मजकूर. जीवशास्त्राची शिक्षिका म्हणजे तीच. बावीस वर्षं त्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. आणि हिला या शाळेत घ्या म्हणून मुख्याध्यापिकांकडे शब्द कुणी टाकला होता? मी. अक्कल गहाण ठेवली होती त्या दिवशी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शुक्रवारी तपासणी आहे. अधिकारी प्रयोग बघतील, मग किल्ल्यांचं ठरवू."

घरी ती वर राहते, आम्ही खाली. घरी मी तिची ताई. पण रुजू झाली त्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "शाळेत नातं नको. इथे मी मॅडम." बरं. मग मी तिला असं मॅडम म्हणू लागले की ऐकणाऱ्याला झोंबावं. मुली मला पाठीमागे तापमापी म्हणतात, त्या काही चुकीचं बोलत नाहीत.

तपासणीसाठी तिने पेशीश्वसनाचा प्रयोग निवडला. दोन थर्मास घ्यायचे. एकात मोड आलेले वाटाणे, दुसऱ्यात उकळून मारलेले. दोन्हींच्या तोंडाशी कापूस आणि कापसातून आत तापमापी. मोडाचे वाटाणे जिवंत असतात, ते श्वसन करतात, म्हणून त्यांचा थर्मास तापतो. मेलेल्यांचा गारच राहतो. मी हा प्रयोग इतक्या वेळा मांडलाय की झोपेतही मांडेन.

सोमवारी मी जंतुनाशकाची बाटली काढली. उकळलेले वाटाणे त्या द्रावणात धुऊनच भरायचे, हा माझा शिरस्ता. मॅडमनी नाक मुरडलं.

"ठेवा ती बाटली. त्या वासाने माझं डोकं उठतं. अर्धा तास उकळल्यावर जंतू राहतील कुठे?"

राहत नाहीत, खरंच. पण मग बाईसाहेबांनी ते वाटाणे उघड्या ताटात निवायला ठेवले, खिडकीशी, दुपारभर. नंतर हातांनी थर्मासमध्ये भरले. मी बघत होते. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. अडथळा आणते ना मी? नाही आणला.

रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वाचून वहीत लिहायचं काम माझं. मी तिला पाण्यात पाहत होते, हे कबूल. पण खोटा आकडा लिहायला माझा हात उचलत नाही. मंगळवारी संध्याकाळी मेलेल्या वाटाण्यांचा पारा दोन अंशांनी चढला. मी आकडा लिहिला, वही मिटली आणि मूग गिळून बसले. तिने एकदाही वही उघडली नाही. म्हटलं, पड तोंडघशी. मग कळेल सगळ्यांना, किल्ल्या कुणाकडे हव्यात ते.

शुक्रवारी अधिकारी आले. बारीक, शांत माणूस. वर्ग भरलेला, मुख्याध्यापिका मागे उभ्या. मॅडमनी छान शिकवलं, हे मला सांगावंच लागेल. फळ्यावर पेशी काढली. ग्लुकोजचा रेणू आधी पेशीद्रवात फुटतो, त्याचे दोन तुकडे होतात, ते तुकडे तंतुकणिकेत जातात, तिथे ऑक्सिजनच्या मदतीने त्यांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. ऊर्जा एकदम भडकून निघत नाही, टप्प्याटप्प्याने निघते. काही ऊर्जा पेशी कामासाठी साठवते, उरलेली उष्णता होऊन जाते. "तीच उष्णता आता बघू या," असं म्हणून तिने एका मुलीला पुढे बोलावलं.

मुलीने वाचलं, "मोडाचे, एकतीस. उकळलेले, चौतीस."

वर्ग खिदळला. जावेचा चेहरा उतरला. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "सहायक बाईंनी थर्मास बदललेत, सर. मुद्दाम."

याचीच तर मी वाट बघत होते. मी पुढे झाले आणि उकळलेल्यांचा कापूस ओढला. असा भपकारा सुटला की पुढच्या बाकांवरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. वाटाणे बुळबुळीत झाले होते.

"थर्मास बदललेले नाहीत, सर," मी म्हणाले. "वाटाणे मेलेलेच आहेत. पण त्यांच्यावर जंतू वाढलेत. तेही ग्लुकोज खातात, तेही श्वसन करतात, ती उष्णता त्यांची. मॅडमनी जंतुनाशक लावू दिलं नाही."

"अगदी बरोबर," अधिकारी म्हणाले. मला आतून गार वाटलं. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. मग अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. "नोंदवही?"

मी ऐटीत दिली.

त्यांनी पान उलटलं, बोट ठेवलं. "मंगळवार संध्याकाळ. हा आकडा वाढलाय आणि त्याखाली तुम्ही रेघ मारलीय. का?"

रेघ मारल्याचं मला आठवतही नव्हतं. बावीस वर्षांची सवय. काही बिघडलं की मी रेघ मारते.

"म्हणजे तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं," ते म्हणाले. "दुसरे वाटाणे उकळून भरायला पुरे दोन दिवस होते. मॅडमना माहीत नव्हतं, बाई. तुम्हाला माहीत होतं. या चाळीस मुलींचा तास तुम्ही वाया जाऊ दिलात."

माझंच अक्षर, माझीच रेघ. मुख्याध्यापिकांनी हात पुढे केला. मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला, त्यांनी तो जावेला दिला. तिला तो धरताही येत नव्हता.

वर्ग रिकामा झाला. आम्ही दोघीच उरलो.

"ताई," ती म्हणाली. शाळेत पहिल्यांदाच. "एक शब्द बोलला असतात तर."

"इथे नातं नको, तूच म्हणाली होतीस."

मी नेहमीप्रमाणे दोन्ही थर्मास उचलले आणि धुवायला मोरीकडे निघाले. तिने आडवी येऊन ते माझ्या हातातून काढून घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "हे आता तुमचं काम नाही."