डिलीवरची नजर

गोठ्यातला कॅमेरा रोज सकाळी नीट चाले आणि ऊन वर आलं की बंद पडे. कंबरेचं हाड मोडल्यापासून ऑल्डन प्रुइटला गोठ्यापर्यंत चालवत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या पडद्यावर गाई बघणं एवढंच उरलं होतं, आणि त्यात डिली गाय व्यायला झालेली.

"झोपला बघ तुझा कॅमेरा," तो लेकीला, कॉर्लिसला, म्हणाला. "जेवला पण नाही, आणि झोपला."

एकाच केबलमधून कॅमेऱ्याला वीज देणारी नि त्याचं चित्र घरात आणणारी डबी कॉर्लिसने बदलून पाहिली. फरक पडेना. मग ती गोठ्यातून कॅमेराच काढून घेऊन आली. काढताना केबलच्या टोकातून हातमोज्यावर थेंब पडला; छप्पर गळत असेल म्हणून तिने तो झटकला. घरात हातभर नव्या केबलने जोडताच चित्र उमटलं: ऑल्डनची हनुवटी, तिला लागलेल्या मेपल सिरपसकट.

"मी इतका म्हातारा दिसतो?"

"कॅमेरा चांगलाय, बाबा. आहे ते दाखवतोय."

म्हणजे दोष बाहेरच्या केबलमध्ये. पण तो दुपारीच का? खिडकीबाहेर वळचणीचे बर्फाचे सुळके टपटपत होते. रात्री सगळं गोठतं, दुपारी वितळतं. तिला हातमोज्यावरचा थेंब आठवला.

शिडी लावून तिने केबल हाताने चाचपली. घराच्या वळचणीखाली खारीने वरचं आवरण पार कुरतडलं होतं. तिथून शिरलेलं पाणी उतारावरून केबलच्या आतूनच गोठ्यापर्यंत गेलं होतं. टोकाच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. तेवढा तुकडा कापून भागणार नव्हतं. सगळी केबल नवी टाकायची.

"आणि तोवर डिलीकडे कोण बघणार?" ऑल्डनने विचारलं.

"तुम्ही. चला, आज तुम्हीच कॅमेरा."

ब्लँकेटात गुंडाळून तिने त्याला ट्रकमधून नेलं आणि गोठ्यात खुर्चीवर बसवलं. घरातल्या डबीची वीज बंद करून ती गोठ्याबाहेर शिडीवर चढली. आतून बातम्या यायला लागल्या.

"उठली!... बसली!... परत उठली!"

"बाबा, प्रत्येक वेळी सांगायला नको!"

"मग मला कॅमेरा कशाला केलंस?"

नवी केबल गोठ्यात घ्यायच्या भोकाखाली तिने एक झोल सोडला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. एवढ्यात आतला आवाज थांबला.

"बाबा?"

"शू! पाय दिसतायत."

"येऊ का?"

"नको. तिचं ती करतेय."

कॅमेरा जागेवर लावायला ती आत गेली, तेव्हा त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. ती घरी आली, डबी चालू केली. पडद्यावर बापाची पाठ दिसली, वाकडी टोपी दिसली. समोर ओलं वासरू पाय फाकवून उभं राहायच्या खटपटीत होतं, आणि डिली एकदा त्याला, एकदा ऑल्डनच्या बाहीला चाटत होती. तो तिच्याशी काहीतरी बोलत होता.

ऊन उतरलं होतं. त्याला परत आणायला हवं होतं. कॉर्लिसने कॉफी टाकली, त्याची घरातली खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि बसून राहिली.