दगडापर्यंतचं पाणी

वटार गावच्या मटिल्डाबाई बोलायला गोड, पण विहिरीच्या बाबतीत पक्क्या खडूस. विहिरीच्या आत सासऱ्यांनी एक दगड पुढे काढून बसवला होता. पाणी उतरून तो उघडा पडला की मोटर बंद, मग घरी पाहुणे असोत की बागेतली केळी तहानलेली. रात्रीतून पाणी पुन्हा चढायचं. समुद्र जवळ, गोडं पाणी वर, खारं खाली. जास्त ओढलं की खालचं वर येणारच. शेजारच्या आग्नेलने विहिरीवर टँकर भरू दिले आणि बघता बघता त्याच्या केळीची पानं कडेने करपली. आता ते पाणी तोंडात धरवत नाही.

मे महिन्यात लेकीचा, एलिसाचा, विरारहून फोन आला. तिच्या टॉवरच्या नळांना पाणी नव्हतं आणि रविवारी तिच्या बाळाचा, रायनचा, बाप्तिस्मा होता.

"मम्मी, टँकरवाला तुझ्या विहिरीवर यायला तयार आहे. एकच फेरी."

"टँकर नाय. बाळाला घेऊन इकडेच ये." या घरातल्या प्रत्येक पोराची बाप्तिस्म्याच्या सकाळची आंघोळ याच पाण्याने झाली होती, एलिसाचीही. फोन ठेवता ठेवता मटिल्डाबाई सवयीने बोलून गेल्या, "आन शेजाऱ्यांना पन आन गो."

वटारात शेजारी म्हणजे अलीकडचं एक घर आणि पलीकडचं एक. एलिसाने भाबडेपणाने निरोप इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

रविवारी मटिल्डाबाई चर्चची साडी इस्त्री करत होत्या, तोच दारात एलिसाची रिक्षा थांबली. मागे दुसरी. मग रांगच. अंगणात बादल्या, ड्रम, खांद्यावर टॉवेल टाकलेली पोरं. नवव्या मजल्यावरच्या स्वप्नाने तर पोह्यांचा डबाही करून आणला होता. सगळी माणसं भली, आणि घोळ तोच होता, हाकलणार कोणाला? मटिल्डाबाईंनी मोटर लावली. पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी पाणी घ्यायचं नाही ही घरची रीत, म्हणून रायनची आंघोळ शेवटी ठेवली.

पोरं न्हाली, बादल्या भरल्या. कोणी नासाडी केली नाही, प्रत्येकाने गरजेपुरतंच घेतलं. तरी मटिल्डाबाईंनी विहिरीत डोकावलं तेव्हा दगड उघडा पडला होता.

त्यांनी मोटर बंद केली.

"मम्मी, रायन राहिलाय!" एलिसा रडकुंडीला आली. "एकच बादली!"

नातवापेक्षा दगड मोठा का? मटिल्डाबाईंचा हात बटणाकडे गेलासुद्धा. कुंपणापलीकडे आग्नेलची करपलेली केळ दिसली आणि हात मागे आला. त्या आत गेल्या, पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि त्यातून नातवाला न्हाऊ घातलं. घरात प्यायला थेंब उरला नाही.

स्वप्नाने भरल्या डोळ्यांनी त्यांचे हात धरले. "मावशी, तुम्ही होतात म्हणून निभावलं. उद्याही पाणी नाहीये म्हणे. विहीर सकाळपर्यंत भरते ना? बाकीच्यांनाही सांगते. आज आमची एकच विंग आली होती."

"विंग किती तुमच्या?"

"चार. पाचवीचं काम चालू आहे."

मटिल्डाबाईंनी हात सोडवून रिकामा हंडा उचलला. मग म्हणाल्या, "उद्या नको येऊ, बाय. कोणीच नको."

दारात आलेल्या माणसाला त्या आयुष्यात पहिल्यांदा असं बोलल्या होत्या. चर्चमध्ये फादरांनी रायनच्या डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा त्यांना हुंदका आवरेना. लोकांना वाटलं, आजीला आनंद झालाय.