भाव गेला माडीवर

बाईंचा गळा गोड होता, आणि तोच त्यांना नडला.

विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना आर्थिक व्यवहाराची समज किती, हे मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रश्नपत्रिका एकच, सत्राच्या सुरुवातीला द्यायची, शेवटी पुन्हा तीच. गुण वाढले तर बाईंचा विषय टिकणार, आणि विषयाबरोबर बाईंची कंत्राटी नोकरी. पहिल्या खेपेला वर्ग सपशेल आपटला. बाईंनी धसका घेतला. दुसऱ्या चाचणीआधीच्या तासाला त्यांनी पुस्तक मिटलं आणि एकेक उत्तर गाण्यात बसवून वर्गाकडून घोकून घेतलं.

भाव गेला माडीवर, व्याज अजून पायरीला,
सांग सखे, शिल्लक माझी पुरेल का गं वर्षाला?

"नाही पुरणार!" वर्ग बाकं बडवत ओरडला होता.

गुण असे काही वाढले की विभागप्रमुखांनी कौतुकाने बाहेरच्या एका प्राध्यापिकेला वर्ग बघायला बोलावलं. त्या पाहुण्या आता पहिल्या बाकावरच्या मुलीपाशी थांबल्या. गाणं सगळ्यांत आधी हिनेच पाठ केलं, म्हणून वर्ग तिला मैना म्हणायचा.

"समज, महागाई थोडी वाढली आणि व्याज त्याहून जास्त मिळालं. वर्षाने तुझ्या शिल्लकीत जास्त वस्तू येतील की कमी?"

मैनेचे ओठ हलले. बाईंना चाल ओळखू आली.

"कमी."

"का गं?"

"गाण्यात तसंच आहे."

"मैनेचा पोपट झाला!" मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"कुठलं गाणं?"

मैनेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे.

"माझंच आहे, मॅडम," मैना म्हणाली. " पाठांतराला रचलं होतं. बाईंनी नीट समजावलं होतं, माझंच डोकं जरा जड आहे."

"एखादं असतंच हो कच्चं," विभागप्रमुख घाईने म्हणाले. "बाकी वर्ग तयार आहे."

बाईंच्या मुठीत खडूचा चुरा झाला. एक शब्द बोलल्या असत्या तर पोरगी सुटली असती. पाहुण्या दाराकडे वळल्या, तशी मैना जवळ येऊन कुजबुजली, "बाई, रागावू नका ना. माझ्यापायी तुमची नोकरी तर नाही ना जाणार?"

"मॅडम, थांबा." बाईंचा तो गोड गळा चिरकला. "गाणं माझं आहे. सगळ्या वर्गाला मीच घोकायला लावलं. गुण वाढले ते त्यामुळेच. ही कच्ची नाही."

विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी एकदा विभागप्रमुखांकडे, एकदा वर्गाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चाचणी पुन्हा होईल. प्रश्न मी काढीन."

वर्ग पांगला. मैना तोंड फुगवून बाकावरच बसून राहिली.

"मी वाचवत होते ना तुम्हाला!"

"ठाऊक आहे गं. त्याचीच तर लाज वाटते."

बाईंनी फळा पुसायला घेतला. मग ती हळूच म्हणाली, "बरं, व्याज माडीवर असलं आणि भाव पायरीला, तर?"

बाईंच्या ओठांवर चाल आपसूक आली. त्यांनी ती गिळली, आणि नवा खडू मैनेच्या हातात दिला.