बुवाची अर्धी मिरची

देवळापुढं सारी वाडी लोटली होती आणि रघूबुवा मिरची खात होता. कचाकचा चावून, डोळे मिटून, पेढा खावा तशी. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. बायाबापड्या हात जोडून बघत होत्या.

"येक झाड, येक मिरची!" बुवानं दुसरा अर्धा तुकडा वर धरला. "माज्या तोंडात आई बसली हाय, मला थंड लागली. हिच्या तोंडात आग झाली, तर आत कोन बसलंय ते तुमीच वळखा!"

'ही' म्हणजे सोनूबाई. नवरा नाही, पोर नाही. शेजारच्या कोंडाजीच्या दोन म्हशी दगावल्या आणि चेटकाचा आळ म्हातारीवर आला. मिरची झोंबली की तिला वाडीबाहेर काढायचं ठरलं होतं. आता हिरवी मिरची कुणाला झोंबत नाही? पण बुवाला झोंबत नव्हती ना! मग प्रश्नच मिटला.

गर्दीत येसाजी कासावीस होऊन उभा होता. दोन महिन्यांपूर्वी इथंच त्याची बायको काशी मिरची चावून रडली होती. त्याच्या भावाचं तान्हं पोर तापानं गेलं, त्याचा ठपका तिच्यावर आला. येसाजीनंच तिला मचव्यात बसवून उरणला माहेरी सोडली.

तेव्हापासून चूल त्याच्या गळ्यात पडली. जन्मात विळीला हात न लावलेला माणूस! आज सकाळी सुकटीत घालायला मिरची चिरताना त्यानं शेंड्याचा तुकडा सहज तोंडात टाकला. मिळमिळीत. मग देठाकडचा टाकला, आणि ब्रह्मांड आठवलं. दुसरी मिरची घेतली, तिसरी घेतली. तीच तऱ्हा. बुवा देठ खुडून मिरची मोडतो आणि शेंडा आपल्याकडं ठेवतो, हे त्याला आठवलं. सुकट चुलीवर करपली तरी तो तसाच बसून होता.

"थांबा बुवा!" येसाजी ओरडला. "आज नवी मिरची मोडा आन् तुकडे बदला. शेंडा म्हातारीला, देठाकडचा तुमाला."

"आई कोपंल, येसाजी! निर्वंश हुईल तुजा!"

"आई तुमच्या तोंडात हाय ना? मग तिला अर्ध्या मिरचीचं भ्या कसलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. बुवा मागं सरकू लागला, तेव्हा खुद्द कोंडाजीनंच नवी मिरची मोडून शेंडा सोनूबाईला दिला आणि देठाकडचा तुकडा बुवापुढं धरला. आता माघार घेण्याची सोय नव्हती. बुवानं चावला. आधी कान लाल झाले, मग नाक वाहू लागलं, आणि मग देवीबिवी विसरून बुवा "पानी! पानी!" करत विहिरीकडं धावला.

सोनूबाई शेंडा शांतपणे चघळत होती. "ह्यात काय नवाल? मिरची देठाकडंच झोंबते. चिरनाऱ्या समद्या बायांना ठावं हाय."

"मंग बोलली का न्हाइस?" कोंडाजीनं विचारलं.

"इचारलं कुनी?"

म्हातारी म्हणाली ते खरंच होतं. मिरचीचा तिखटपणा सालीत नसतो. बिया ज्या पांढऱ्या शिरांना धरून असतात, त्या शिरांत तो साठतो. शिरा देठाकडं दाट आणि शेंड्याला नावापुरत्या. त्यातला अर्क जिभेला लागला की भाजल्याचा भास होतो. भाजत काहीच नाही. भुताचा यात काडीचाही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी येसाजी उरणला गेला. ओसरीवर उभं राहून त्यानं सारं सांगितलं. काशी तांदूळ निवडत ऐकत होती.

"मी तवाच वरडून सांगत व्हते," ती म्हणाली, "का माजा तुकडा देठाकडचा हाय. तुमीच म्हनालात, ही बोलत न्हाय, हिच्यातलं भूत बोलतंय."

येसाजीची मान वर होईना. काशी सूप घेऊन आत गेली. त्याला तिनं आत या म्हटलं नाही.

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो उलटून बघा. बुवाचा तुकडा मागून घ्या. आणि जिच्यावर आळ आहे, तिचं म्हणणं आधी ऐका. मिरचीची आग घटकाभरात शमते. काशी काही परत आली नाही.